दुकानाचं नाक

मी जन्मले तेव्हा आजोबांनी माझा चेहरा पाहिला नाही, नाक पाहिलं. कपड्यात गुंडाळलेल्या गाठोड्यातून जेवढं वर आलं होतं तेवढं त्यांनी अंगठा आणि तर्जनीत धरलं, मधला उंचवटा चाचपला आणि म्हणाले, "चला, दुकान वाचलं." मुलगी झाली की मुलगा, हे त्यांनी संध्याकाळी विचारलं, असं आई सांगते.

आमचं चष्म्याचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर, आणि दुकानामागे एक अरुंद खोली, जिथे काचा घासून फ्रेममध्ये बसवतात. आजोबांनी दुकान काढलं तेव्हा त्यांच्याकडे यंत्रं नव्हती. नाक होतं. चांगलं थोरलं, मधोमध टेकाड, आणि टेकाडाच्या मागे चष्मा बसायला जणू मुद्दाम खणलेली खाच. तयार झालेला प्रत्येक चष्मा गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी ते स्वतःच्या नाकावर चढवायचे, मान जोरजोरात डावीकडे-उजवीकडे हलवायचे, एकदा कमरेत वाकून बुटांकडे बघायचे. चष्मा जागचा हलला नाही की म्हणायचे, "पास." पुढे यंत्रं आली, तयार फ्रेमा आल्या, दिवे लावलेली शोकेस आली, पण पास करायचं काम नाकाकडेच राहिलं. 'आमच्या नाकावरून उतरलेला चष्मा' असं आमच्या पाटीवर लिहिलंय. एवढ्या वर्षांत आमच्या दुकानात एकही चष्मा नापास झाला नाही, हे आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

हे नाक खरं तर बाबांना मिळायचं. पण बाबा आजीवर गेले. त्यांचं नाक बसकं, म्हणजे चेहऱ्यावर आहे एवढंच. ते शाळकरी वयाचे असताना आजोबांनी त्यांच्या नाकावर एक चष्मा ठेवून पाहिला. तो घसरत घसरत हनुवटीवर येऊन थांबला. आजोबांनी सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "हा गल्ल्यावर बसेल." बाबा बसले, ते अजून उठलेले नाहीत. माझा भाऊ आईवर गेला, आणि आईकडच्यांची नाकं म्हणजे नुसती दोन भोकं. म्हणून तो इंजिनिअर झाला. उरले मी.

शाळा संपली आणि मला काउंटरपाशी एक उंच स्टूल मिळालं. तेव्हापासून या शहरातला प्रत्येक चष्मा माझ्या नाकावर बसून मगच आपल्या घरी गेलाय. लांबचा, जवळचा, दुहेरी, बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांचा. लोकांना वाटतं, दुसऱ्याचा चष्मा घातला की त्याला दिसतं ते आपल्याला दिसतं. साफ खोटं आहे. दुसऱ्याचा चष्मा घातला की आपल्याला दिसायचं तेवढं बंद होतं. मी दिवसभर काहीच न दिसता मान हलवत राहायचे, आणि संध्याकाळी डोकं ठणकायचं. नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन लाल खळगे पडायचे ते सकाळपर्यंत जायचे नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते, म्हणजे पुढे सांगायला नको. आमच्या शहरातले लोक बोलता बोलता एक बोट नाकावर नेऊन चष्मा वर ढकलतात. सगळेच. दोन वाक्यं बोलायची, चष्मा ढकलायचा. न्यायाधीश निकाल वाचताना ढकलतात, बसचा ड्रायव्हर वळणावर ढकलतो. चष्मा नसलेली मुलंसुद्धा मोठ्यांचं बघून बोट वर नेतात. आम्हाला ती आमच्याकडची बोलण्याची रीत वाटायची. कधी कुणी कुरकुर केलीच, की चष्मा जरा सैल लागतोय, तर बाबा गल्ल्यावरून सौम्यपणे सांगायचे, "चष्मा पास आहे. तुमच्या नाकात खोट असेल." गिऱ्हाईक ओशाळायचं आणि नाक झाकत निघून जायचं.

तर एक दिवस मी वर जेवायला गेले होते. जेवून मागच्या जिन्याने खाली आले, तेवढ्यात दुकानात कुणीतरी विचारलं, "नाक कुठे गेलं?"

आणि माझे बाबा, माझे सख्खे बाबा, म्हणाले, "जेवायला गेलंय. येईल इतक्यात."

मी पायरीवर तशीच उभी राहिले. राग येण्याआधी मला वाईट वाटलं, ते फार वाईट वाटलं. मी जेवायला गेले नव्हते. नाक गेलं होतं. मी त्याच्या मागोमाग गेले असेन, त्याला घास भरवायला. पडद्याआडून मी त्या माणसाला पाहिलं, त्याच्या हातातला चष्मा पाहिला, आणि आत जाऊन तो नाकावर चढवला, मान हलवली, वाकले, "पास" म्हणाले. पण मनात ठरलं होतं. हे नाक काढायचं. म्हणजे सगळं नाही, टेकाड तेवढं सपाट करून घ्यायचं, शेंडा थोडा आत घ्यायचा. साधं, छोटं, कुणाच्या उपयोगाचं नसलेलं नाक मला हवं होतं.

आमच्याकडे प्लास्टिक सर्जन एकच आहेत आणि त्यांचं चांगलं चाललंय. बाहेरच्या खोलीत भिंतभर फोटो लावलेत. एकेका माणसाचे बाजूने काढलेले दोन-दोन फोटो, खाली 'आधी' आणि 'नंतर'. वाट बघता बघता मी ते निरखत गेले आणि माझ्या अंगावर काटा आला. 'नंतर'च्या सगळ्या फोटोंत माझं नाक होतं. बाईच्या चेहऱ्यावर माझं नाक, मिशीवर माझं नाक, एका टक्कल पडलेल्या गृहस्थांनाही माझं नाक.

डॉक्टरांनी मला पाहिलं आणि ते खुर्चीतून अर्धवट उठले. "तुम्ही स्वतः?" ते म्हणाले. "या, या. बसा. जरा उजवीकडे बघा. वा!"

"मला हे टेकाड काढायचंय," मी म्हणाले.

डॉक्टरांनी एक बोट नाकावर नेऊन चष्मा वर ढकलला. "काढायचंय? म्हणजे कसं आहे ताई, इतर शहरांत लोक टेकाड काढून घ्यायला येतात. इथे बसवून घ्यायला येतात. 'चष्मेवाल्यांसारखं करा' म्हणतात. माझी सगळी प्रॅक्टिस त्यावर उभी आहे. माप बरोबर यावं म्हणून मी खास तुमच्या दुकानात येऊन बघून गेलो होतो."

"तुम्ही चष्मा घ्यायला आला होतात."

"चष्माही घेतला," ते म्हणाले.

त्यांनी निळं पेन घेतलं आणि माझ्या नाकावर, कुठून कुठपर्यंत कापायचं त्याची रेघ काढायला वाकले. वाकल्याबरोबर त्यांचा चष्मा घसरून शेंड्यावर आला. त्यांनी मनगटाने तो वर केला. पुन्हा वाकले. पुन्हा घसरला. रेघ नाकावर सुरू होऊन गालावर गेली.

"माफ करा हं," ते अवघडून म्हणाले. "माझ्या नाकात खोट आहे. तुमच्या वडिलांनीच सांगितलं. काय करणार, दुसऱ्यांची करतो, स्वतःचं स्वतःला करता येत नाही ना."

त्यांनी स्पिरिटने रेघ पुसली, नवी काढली, ती कानाकडे निघाली तेव्हा पेन ठेवून दिलं आणि कॉम्प्युटरवर मला चार नाकं दाखवली. मी सगळ्यात छोटं निवडलं. ऑपरेशनचा दिवस पुढच्या महिन्यातला ठरला. मी उठले तसा त्यांनी घसा खाकरला.

"एक विचारू? ते काढलेलं हाड तुम्ही घरी नेणार का?"

"नेऊन काय करू? शोकेसमध्ये ठेवू?"

"नाही, नाही, सहज विचारलं. एक पेशंट बरेच दिवस थांबलेत."

त्याच दिवशी जेवताना मी घरात सांगितलं. नाकावर निळा डाग राहिलाच होता, त्यामुळे प्रस्तावना करावी लागली नाही.

आईने पोळी ताटात ठेवली. "मी तेव्हाच म्हणत होते, पोरीला माझ्याकडचं नाक येऊ दे. माझं ऐकतं कोण या घरात!" जसं काही नाकं दुकानातून मागवायची असतात आणि सासऱ्यांनी तिला न विचारता ऑर्डर दिली होती.

बाबा मात्र माझ्याकडे टक लावून बघत राहिले. ते असेच बघतात, चष्म्याच्या वरून, मान खाली घालून. त्यांचा लांबचा नंबर आहे, पण चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर, तो काही वर राहत नाही. "पण वाईट काय आहे त्यात?" ते म्हणाले. "छान सरळ नाक आहे तुझं."

"सरळ?"

"सरळ, बेताचं. मला तर कधी काही खटकलं नाही."

मला एवढा संताप आला की मी हातातला घास ताटात टाकला. नाक मोठं आहे म्हटलं असतं तरी चाललं असतं. दुकानासाठी ठेव म्हटलं असतं तरी मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. पण हे असं तोंडावर गोड खोटं बोलायचं! "बाबा, आडव्या टांगलेल्या सायकलच्या सीटसारखं आहे माझं नाक," मी म्हणाले. "तुम्हाला दुकान हवंय, मी नकोय. सरळ तसं सांगा." आणि ताट उचलून निघून गेले.

नंतरचा आठवडा आमच्या घरात कुणी नाक हा शब्द तोंडातून काढला नाही. तो न काढता भांडणं फार कठीण असतं. आईला म्हणायचं होतं की तुझ्यामुळे लोकांत नाक कापलं जाईल, ती "लोकांत" पर्यंत आली आणि थांबली. बाबांना कामाने नाकी नऊ आले होते, ते म्हणाले, "फार दमलो." मी स्वतः भावाला फोनवर सांगणार होते की सगळ्यात नाक खुपसू नकोस, आणि नुसतंच "ठेव फोन" म्हणाले. मराठीतली अर्धी भांडणं नाकावर चालतात, हे मला त्या आठवड्यात कळलं.

बातमी बाहेर फुटायला वेळ लागला नाही. दुकानासमोर रांग लागली. लोक नुसता आजचा चष्मा करून घेत नव्हते; पुढे नंबर किती वाढेल याचा अंदाज बांधून दोन-दोन, तीन-तीन चष्मे आत्ताच पास करून नेत होते. एका जोडप्याने लग्नाआधीच होणाऱ्या मुलांचे करून नेले. वाचनालयाच्या सभागृहात नाक बचाव समितीची बैठक झाली. विषय नाजूक असल्यामुळे मला बोलावलं नव्हतं.

मग आमच्या शाळेच्या मोठ्या बाई आल्या. आता निवृत्त झाल्यात, पण त्या दुकानात शिरल्या की माझे हात अजून आपोआप मागे जातात. त्यांनी चष्मा वर ढकलला आणि म्हणाल्या, "मी तुला पाढे शिकवले. ते मी परत मागत नाही."

"बाई, तुम्हाला काय म्हणायचंय?"

"मला काही म्हणायचं नाही. पण माझ्या बहिणीची तिच्या नाकावरून मोडलेली सोयरीक मला अजून आठवते. ती बिचारी म्हणायची, चष्मेवाल्यांसारखं असतं तर! आणि तू, मिळालेलं फेकून द्यायला निघालीस." त्यांनी पुन्हा चष्मा ढकलला. "छोटं कर, मोठं कर, बाई, तुझी मर्जी. हा एक तेवढा पास करून दे."

मी पास करून दिला. त्यांच्या काचा एवढ्या जाड की मला बाई दिसायच्या बंद झाल्या, आणि खरं सांगते, त्या क्षणी बरंच वाटलं.

तोडगा काढला तो समोरच्या कवळीकाकांनी. ते कवळ्या बनवतात. त्यांच्या खिडकीत सगळ्या मापांचे दात हसत असतात. ते चहाचा कप हातात घेऊन रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, "एवढा आरडाओरडा कशाला? लोक माझ्याकडे दात ठेवून जातात. तू नाक ठेवून जा."

मला कळलंच नाही. बाबांना कळलं. ते गल्ल्यावरून अर्धे उठले. "साचा?"

"साचा घ्यायचा, अगदी हुबेहूब उतरवायचा. मग ती हवं ते करून घेऊ दे की."

मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. नाकपुड्यांत दोन नळ्या घातल्या आणि चेहऱ्यावर गार, पुदिन्याच्या वासाचा लगदा थापला. काकांना जन्मभराची सवय, ते सारखे म्हणत होते, "मोठा आ करा." मी करत होते. कारण काय, कुणास ठाऊक. लगदा घट्ट होईपर्यंत बाबा माझा हात धरून शेजारी उभे होते. हात माझा धरला होता की मालाची काळजी होती, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

काकांकडे एकच रंग होता, हिरड्यांचा. त्यामुळे नाक गुलाबी झालं, चकचकीत गुलाबी. बाबांनी ते शोकेसमधल्या एका फोमच्या डोक्यावर बसवलं, कारण काड्या अडकवायला कान पाहिजेत. काउंटरवर, माझ्या स्टुलाच्या जागी. पहिला चष्मा चढवला. दोन्ही हातांनी डोकं धरून डावीकडे-उजवीकडे हलवलं, पुढे वाकवलं. चष्मा हलला नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पास. तू मोकळी."

मला मोकळंच व्हायचं होतं. मग मला एवढा राग का आला?

दोन दिवसांत सगळ्यांना ते नाक आवडायला लागलं. ते जेवायला जात नव्हतं. त्याचं डोकं दुखत नव्हतं. मोठ्या बाई येऊन त्याला बघून गेल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं. हे निदान तोंड वेडंवाकडं करत नाही." येणारा प्रत्येकजण आधी त्याच्याकडे बघून हसायचा, मग माझ्याकडे वळून विचारायचा, "तुमचं काय काम आहे इथे?" एकाने तर मला चहा आणायला सांगितला. मी काचा पुसत कोपऱ्यात बसायचे आणि त्या गुलाबी टेकाडाकडे बघायचे. आजवर मी ते आरशात समोरून बघितलं होतं. असं बाजूने, बाहेरून, निवांत कधी पाहिलं नव्हतं. माझ्याच नाकाची मला असूया वाटत होती. याहून हास्यास्पद परिस्थिती कुणाची झाली असेल तर मला जरूर कळवावं.

मग एका दुपारी बाबा गल्ल्यावर पेंगत असताना मी ठरवलं, याची जिरवायची. मागच्या खोलीच्या दाराखाली एक मोडकी फ्रेम अटकाव म्हणून ठेवलेली असते. नाकावर टेकणारे नोजपॅड निघालेले, काड्या सताड फाकलेल्या. ती आणून मी त्या नाकावर ठेवली. हा चष्मा तू पास करू शकणार नाहीस, म्हटलं. डोकं धरलं आणि हलवलं.

चष्मा जागचा हलला नाही.

मी एक काडी मोडून टाकली. हलवलं. तसाच. दुसरी मोडली. आता ती फ्रेम नव्हती, दोन भोकं आणि मधला पूल एवढंच होतं. मी डोकं पार उलटं केलं. ते दोन गोल टेकाडामागच्या खाचेत अडकून बसले होते, आणि मी बोटाने खेचेपर्यंत निघाले नाहीत.

मी खाली बसले. काही कळायला वेळ लागला असं नाही. एकदम सगळं कळलं, म्हणून बसावं लागलं. या नाकावरून काहीच पडत नाही. कधीच पडलं नाही. आजोबांनी बुटांकडे वाकून जे काही पास केलं, मी डोकं ठणकेपर्यंत जे पास केलं, ते दाराचा अटकाव असता तरी पास झालं असतं. एकही चष्मा नापास झाला नाही, यात फुशारकी कसली! आणि मग ती बोटं आठवली. न्यायाधीशांचं, ड्रायव्हरचं, मोठ्या बाईंचं. बोलता बोलता वर जाणारी अख्ख्या शहराची बोटं. ती रीत नव्हती. चष्मे घसरत होते. आम्ही त्यांना सैल चष्मे विकले आणि नाकात खोट आहे म्हणून सांगितलं, आणि ते डॉक्टरकडे जाऊन नाकं कापून घेऊन आले.

मला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी भीती वाटली. कारण माझ्यासमोर बाबा होते, तोंड थोडं उघडं, चष्मा शेंड्यावर. हे त्यांना सांगायचं म्हणजे त्यांच्या वडिलांना दुसऱ्यांदा मारायचं. न सांगता मी माझं नाक कापून घेऊ शकले असते. गुलाबी नाक बसलंच असतं पास करत.

पण मला गोड खोटं बोलता येत नाही. ते बाबांकडून यायला हवं होतं, आलं नाही.

"बाबा," मी म्हणाले, "इकडे या."

ते आले.  मी बिनकाड्यांची फ्रेम गुलाबी नाकावर ठेवली आणि डोकं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सवयीने डावीकडे-उजवीकडे हलवलं, वाकवलं, "पा..." म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी ते उलटं केलं. पुन्हा उलटं केलं. 

"म्हणजे अण्णा..." ते म्हणाले. अण्णा म्हणजे आजोबा. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, त्याच्याकडे बाबांनी पाहिलं नाही. "म्हणजे एवढी वर्षं..."

"हो."

"आणि माझ्यावरून घसरायचा तो..."

"तो सैल होता म्हणून घसरायचा, बाबा. तुमच्या नाकात काहीही खोट नव्हती. या दुकानात चष्मा तपासायला एकच नाक होतं, आणि ते आजोबांनी गल्ल्यावर बसवलं."

बाबांनी गुलाबी डोकं काउंटरवर ठेवलं आणि हाताने आपलं नाक चाचपलं. म्हातारा माणूस हरवलेली वस्तू खिशातच सापडल्यावर चाचपतो, तसं.  मी त्यांचा चष्मा काढून घेतला. तो नीट करणं, ते एक मला येतं.

मी काड्या हीटरवर गरम केल्या आणि कानामागे नीट वळवल्या. नोजपॅड पकडीने जवळ घेतले. त्यांच्या नाकावर ठेवला. त्यांनी मान हलवली, घसरला. पुन्हा काढला, पुन्हा चिमटला. आता थोडाच घसरला. माझ्या नाकाला कधी कळलं नसतं ते सगळं त्यांचं नाक सांगत होतं, डावा पॅड वर आहे, उजवी काडी सैल आहे. शेवटी त्यांनी मान एवढ्या जोरात हलवली की गल्ल्यावरचे कागद उडाले. वाकून बुटांकडे पाहिलं. चष्मा जागेवर होता.

"पास?" त्यांनी मला विचारलं.

"मला काय विचारता? नाक तुमचं आहे."

"पास," बाबा म्हणाले. स्वतःच्या दुकानात हा शब्द त्यांनी पहिल्यांदा आपल्या नाकाने म्हटला. मग त्यांनी पुन्हा एकदा म्हटला, मोठ्याने, फोटोकडे बघून.

आणि मग ते माझ्याकडे वळले. काचेच्या वरून नाही, काचेतून. लांबचा नंबर असलेला माणूस, आणि चष्मा जागेवर. ते बघत राहिले. माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत बघितलं, मग मध्यावर येऊन थांबले.

"बाप रे!" बाबा म्हणाले.

"काय झालं?"

"अगं, हे... हे केवढं मोठं आहे!"

माझा हात नाकाकडे गेला.

"आणि वाकडं पण आहे. मधूनच डावीकडे गेलंय. तुला कधी कुणी सांगितलं नाही?"

मी हसायला लागले. हसता हसता मला रडू फुटलं आणि मी त्यांच्या गळ्यात पडले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी मला आजवर नीट पाहिलंच नव्हतं. चष्म्याच्या वरून जे धूसर, सरळ, बेताचं काहीतरी दिसायचं, तीच त्यांची मुलगी होती. माझ्याबद्दल कुणी इतकं वाईट बोलल्यावर मला एवढं बरं कधीच वाटलं नव्हतं.

"तुझं बरोबर होतं," ते माझ्या डोक्यावर थोपटत म्हणाले. "करून घे हो ऑपरेशन. नाही केलंस तरी माझी ना नाही, सवय करून घेईन. दुकानाचं आता माझ्याकडे लागलं." मग त्यांचा हात थांबला. "कोण करतोय ऑपरेशन? तो फोटोवाला डॉक्टर?"

"हो."

"त्याचा चष्मा कुठला?"

"आपलाच," मी म्हणाले, आणि मला ती गालावर गेलेली निळी रेघ आठवली.

बाबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी बारीक पकड उचलून खिशात घातली, हीटरची वायर काढली, तोही काखेत मारला. "चल."

"बाबा, ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे."

"असेना. आधी त्याचा चष्मा नीट करायचा. नाकाच्या शेंड्यावर चष्मा घेऊन तो सुरी हातात धरतो? माझ्या मुलीच्या जवळ त्याला मी फिरकूसुद्धा देणार नाही."

आम्ही बाहेर पडून दार ओढत होतो तेवढ्यात एक गिऱ्हाईक धापा टाकत आलं. काचेतून त्याला काउंटरवरचं गुलाबी डोकं भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं दिसलं. त्याने बोट नाकावर नेलं, चष्मा वर ढकलला आणि विचारलं, "म्हणजे आज नाक नाही?"

"आहे की," बाबा म्हणाले, आणि मान डावीकडे-उजवीकडे हलवून दाखवली. "पण आत्ता ते मुलीबरोबर बाहेर चाललंय. थांबा जरा."